कॅरॅव्हॅन हाताने ढकलावी की मूव्हर बसवावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता. गेल्या महिन्यात एका आसाची जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलीत, प्लेटवर कमाल वजन १४०० किलो. ड्राइव्ह-वे रस्त्याकडून घराकडे चढत जातो आणि शेवटचा टप्पा खडीचा आहे. कॅरॅव्हॅन ठेवायची आहे घराच्या बाजूला, फाटकाच्या आत. ती वाट २.६ मीटर रुंद आणि कॅरॅव्हॅन २.३. कारला जोडून मागे घेत तिथपर्यंत नेणं जमत नाही, कारण वळायला जागा नाही. यजमानांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे. शेजारी म्हणतात, चार माणसं बोलावू, ढकलून टाकू, मूव्हरवर, म्हणजे तिची चाकं फिरवणाऱ्या विजेच्या यंत्रावर, हजार पौंड कशाला घालवता. दुसऱ्या कोणी सांगितलं की मूव्हर खडीवर चालतच नाही. आता काय करावं, आणि जुना मूव्हर विकत घेऊन बसवला तर चालेल का?

मी १७ वर्षं ईस्ट यॉर्कशायरमध्ये कॅरॅव्हॅनच्या दुरुस्तीचं काम करतो. या देशातल्या कॅरॅव्हॅन मोठ्या प्रमाणावर इथल्या हल शहराच्या आसपासच तयार होतात, त्यामुळे इथे कामाला तोटा नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो: मूव्हर बसवा, आणि तोवर या ड्राइव्ह-वेवर ती हाताने चढवू नका, चार माणसं आली तरी. आता का ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर मूव्हर बसवूनही तुम्ही तीच चूक कराल.

सपाट, गुळगुळीत डांबरावर १४०० किलोची गाडी सरकती ठेवायला जेमतेम २० किलोचा जोर पुरतो. हवा नीट भरलेली असली की दोन माणसं ती आरामात हलवतात आणि तिथेच फसगत होते. एवढी मोठी वस्तू एवढ्या सहज हलली की माणसाला वाटतं, चढावर थोडा जास्त जोर लावू. पण चढाचं गणित वेगळं आहे. एक मीटर लांबीची सरळ फळी ड्राइव्ह-वेवर उताराच्या दिशेने ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला. जमीन आणि फळी यांच्यातलं अंतर ८ सेंटीमीटर आलं तर चढ ८ टक्के. १४०० चे ८ टक्के म्हणजे ११२ किलो. हा जोर फक्त गाडी आहे तिथे धरून ठेवायला लागतो. वर सरकवायची तर त्यात चाकांचा अडथळा मिळवा, खडीत तो डांबराच्या तिप्पट-चौपट सहज होतो.

आता माणसाची ताकद बघा. इथल्या एचएसईच्या, म्हणजे कामावरच्या सुरक्षिततेच्या सरकारी यंत्रणेच्या मार्गदर्शनात ढकलण्यासाठी आकडे दिलेले आहेत: वस्तू हलवायला किंवा थांबवायला पुरुषाला २० किलोचा जोर, बाईला १५, सतत सरकवत राहायला १० आणि ७. चार पुरुष झाले तरी ८०. क्षणभर माणूस याच्या दुप्पटही जोर लावतो, मी स्वतः लावलेला आहे. पण ड्राइव्ह-वेच्या मध्यावर एकाचा पाय खडीत घसरला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर येतो, आणि गाडी खाली यायला लागली की तिला थांबवायचा जोर त्या तिघांकडे नसतो. तेव्हा ते तिघं नेमके तिच्या खालच्या बाजूला उभे असतात. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही सुटली तर कशावर थांबणार?

‘हँडब्रेकवर’ असं बहुतेक जण सांगतात. तर त्या हँडब्रेकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती कारच्या हँडब्रेकसारखी नाही.

इथल्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक ओव्हररन पद्धतीचे असतात. कारने वेग कमी केला की कॅरॅव्हॅन पुढे रेटते, हिचच्या, म्हणजे कारला जोडायच्या कडीच्या, मागचा दांडा आत दबतो आणि ब्रेक लागतात. पण मग गाडी मागे घेतानाही दांडा दबणारच, तेव्हा ब्रेक लागून कसं चालेल? म्हणून चाकाच्या ब्रेक-ड्रममध्ये अशी सोय केलेली असते की चाक उलटं फिरायला लागलं की ब्रेक आपोआप सैल होतो. याला ऑटो-रिव्हर्स म्हणतात. याचा परिणाम असा, की उतारावर मागे सरकू पाहणाऱ्या कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक तुम्ही ओढलात, तरी ती आधी थोडी मागे जाते, साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत, आणि मगच ब्रेक पक्का पकडतो. तेही हँडब्रेकची दांडी पूर्ण वर, जवळजवळ उभी केली असेल तर. दांडीला जोडलेली स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट ते सैल पडलेलं अंतर भरून काढते. दांडी अर्धवट ओढली की भरून काढायला काहीच शिल्लक राहत नाही.

माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी हे मी डोळ्यांनी पाहिलं. बीव्हर्लीजवळ एका घरी तुमच्यासारखाच ड्राइव्ह-वे होता, फक्त उलट्या दिशेचा, म्हणजे गाडीचं तोंड चढाकडे. मी दांडी ओढली, तीन-चार खटके ऐकले आणि जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं टेकूचं छोटं चाक, फिरवायला वाकलो. कॅरॅव्हॅन आवाज न करता मागे निघाली. एक वीतभर, मग हातभर. मागे विटांचा खांब होता, त्यात मागचा दिवा आणि पॅनेलचा कोपरा गेला. खांबाच्या जागी घरमालकांची नात पाच मिनिटांपूर्वी उभी होती. त्या दिवसापासून मी चाकांना दोन्ही ठोकळे लावल्याशिवाय वाकत नाही. कोणी ढकलत असेल तर एका माणसाला दुसरं कामच देत नाही: त्याने फक्त ठोकळा हातात घेऊन चाकाच्या उताराकडच्या बाजूने, चाकाच्या रेषेतून बाहेर राहून चालायचं आणि दर हातभर अंतराला तो चाकामागे सरकवायचा.

सपाटीवर हाताने ढकलायची वेळ तुमच्यावर येईलच, साइटवर, म्हणजे सुट्टीत कॅरॅव्हॅन लावायच्या मैदानावर, तर हमखास. त्यासाठी काही गोष्टी. ढकलायचं ते मागच्या आणि पुढच्या पॅनेलवर बसवलेल्या हँडलांना धरून, नाहीतर पुढच्या लोखंडी ए-फ्रेमला, म्हणजे हिचमागच्या त्रिकोणी चौकटीला. खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, पॅनेल पातळ, गॅस लॉकरचं, म्हणजे सिलिंडरच्या कप्प्याचं झाकण तर नुसतं प्लॅस्टिक. तिथे खांदा लावला की तडा गेलाच. मागे ढकलताना हिचच्या तोंडाला धरून रेटू नका. तिथे रेटलं की तोच दांडा आत दबतो, ब्रेक पकडतात आणि तुम्हाला वाटतं गाडी जड आहे. त्याच जोराने ए-फ्रेमला धरून ढकला, निम्म्या कष्टात जाते. कॉर्नर स्टेडी, म्हणजे कोपऱ्यांखालचे टेकूचे पाय, चारही वर आहेत ना ते बघा. एखादी अर्धी खाली राहून वाकलेली मी दर हंगामात बदलतो.

वळवणं मात्र हाताने फार सोपं. आसापासून हिचपर्यंत साडेतीन-चार मीटरची तरफ आपल्या हातात असते, त्यामुळे नाक बाजूला सरकवायला एक माणूस पुरतो. लक्ष ठेवायचं ते मागच्या कोपऱ्यावर, कारण नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे झाडल्यासारखं जातं. तुमच्या फाटकात दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटरच उरतात. तिथे मागे एक माणूस हवाच, मग हाताने करा की मूव्हरने.

आणि जॉकी व्हील. दिशा बदलली की ते छोटं चाक स्वतःभोवती अर्धा फेरा मारतं आणि नाकाला झटका देतं, पायाची बोटं त्याच वेळी जातात. त्याचा दांडा फार लांब बाहेर काढून ठेवू नका, वाकतो. क्लँप हाताने घट्ट करून झाल्यावर अजून एकदा घट्ट करा. खडीत ते चाक रुतून बसतं, तिथे प्लायवूडचे दोन तुकडे आळीपाळीने पुढे टाकत न्यायचे.

आमचं घर मिरजेकडे, शेतीचं. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे लहानपणी पाहिलेलं इथे रोज उपयोगी पडतं. एका आसाची कॅरॅव्हॅन कारपासून सोडवली की ती जू सोडलेली बैलगाडीच असते. स्टेडी वर असताना कोणी आत शिरून मागच्या पलंगावर जाऊन बसलं, किंवा ढकलणाऱ्यांनी मागची हँडलं खाली दाबली, की नाक उचललं जातं आणि जॉकी व्हील हवेत. म्हणून हलवताना आत कोणीही नको, मुलं तर अजिबात नकोत. गावाकडे चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाच्या आऱ्यांना हात घालून चाकच फिरवतात, आणि शास्त्र म्हणून ते बरोबर आहे: चाकाच्या माथ्यावर लावलेला जोर आसावरच्या दुप्पट कामाचा. पण कॅरॅव्हॅनचं चाक पॅनेलच्या कमानीत असतं, तिथे बोटं अडकतात. इथे तो प्रयोग करू नका.

आता मूव्हर. प्रत्येक चाकाजवळ चासीला एक १२ व्होल्टची मोटर, तिला एक खरबरीत अॅल्युमिनियमचा रोलर. रोलर टायरवर दाबून बसतो आणि टायर फिरवतो. एवढंच यंत्र आहे. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं की एका आसाची कॅरॅव्हॅन जागच्या जागी गोल फिरते. तुमच्या फाटकासाठी ही गोष्ट अमूल्य आहे. मोटरमागचे गिअर इतके मंदगती असतात की बटण सोडलं की गाडी तिथेच उभी राहते, चढावरही. माझ्या दृष्टीने हजार पौंड या थांबण्यासाठी द्यायचे. तरी रोलरवर भरवसा ठेवून गाडी उभी सोडायची नाही, हँडब्रेक आणि ठोकळे आहेतच. क्रम पाठच करून टाका: हँडब्रेक लावलेला असताना रोलर टायरला लावायचे, मग हँडब्रेक सोडायचा, गाडी हलवायची, परत हँडब्रेक पूर्ण ओढायचा, आणि शेवटी रोलर सोडवायचे.

खडीवर चालत नाही हे अर्धं खरं आहे. पातळ, दाबून बसलेल्या खडीवर चालतो. खोल, सुट्या खडीत टायर जागेवर फिरून खड्डा करतो. तुमच्याकडे शेवटच्या टप्प्याला खडी कमी करून प्लॅस्टिकची जाळीदार ग्रिड घाला, किंवा चाकांच्या दोन रेषांत फरश्या टाका. ते काम मूव्हर बसवायच्या आधी करा. ओल्या गवताचंही असंच. टायरला चिखल लागला की रोलर टायरवरून घसरतो. तिथे बटण दाबत राहिलं तर टायर सोलून निघतो, म्हणून चाकाखाली चटई टाका. साइटवर ट्रॅक्टर असतो, वॉर्डनला, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याला सांगायला संकोच करू नका.

फुटपाथ ओलांडताना दगडी कड लागते. ड्राइव्ह-वेसमोर ती बसकी केलेली असली तरी साधारण अडीच सेंटीमीटर उंच राहते, आणि एवढ्यावरही मूव्हर अडतो. दोन्ही चाकं एकदम चढवायला जाऊ नका. गाडी थोडी तिरकी घ्या, म्हणजे एक चाक आधी चढेल, मग दुसरं, आणि दोन्हीखाली लाकडी पाचर ठेवा. बॅटरीचा निम्मा ताण तिथेच वाचतो.

बॅटरी हा दुसरा मोठा विषय, आणि मूव्हर बंद पडला म्हणून मला येणारे बहुतेक फोन प्रत्यक्षात बॅटरीचे असतात. सपाटीवर मूव्हर २५-३० अँपिअर घेतो, चढावर किंवा कडेवर १०० च्याही वर जातो. काम दहा मिनिटांचं असतं, त्यामुळे एकूण वीज फार खर्च होत नाही. पण जुनी बॅटरी एवढा प्रवाह एकदम देऊ शकत नाही. स्थिर असताना मीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात, बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोल बॉक्स मूव्हर बंद करतो. मागच्या वसंतात एक जोडपं असंच फुटपाथवर अडकलं होतं, कॅरॅव्हॅन अर्धी रस्त्यात. तुमची कॅरॅव्हॅन जुनी आहे, त्यातली बॅटरी किती वर्षांची ते बघा. पाच-सहा वर्षांची असेल तर मूव्हरबरोबर नवीच घ्या, ११० अँपिअर-अवरच्या आसपासची. लिथियम घेणार असाल तर ती एकावेळी किती प्रवाह देऊ शकते हे विचारल्याशिवाय घेऊ नका. काही लिथियम बॅटऱ्या १०० अँपिअरला स्वतःच बंद होतात, आणि चढावर तुम्हाला नेमके त्याहून जास्त लागणार आहेत. कुठल्याही बॅटरीसाठी, निघायच्या आदल्या रात्री चार्ज पूर्ण करून ठेवा. आणि मूव्हरचा आयसोलेटर स्विच, म्हणजे बॅटरीपासून वीज तोडणारा मुख्य स्विच, वापर झाला की बंद, दरवेळी.

ऑटो रोलरचा, म्हणजे बटणाने रोलर लागणारा मूव्हर वीज गेल्यावर टायरला चिकटूनच राहतो. तो पान्याने हाताने सोडवायची सोय असते. ती कुठे आहे आणि पाना कुठला लागतो, हे घरी बसून शांतपणे शिकून घ्या. हाताने दांडा फिरवून रोलर लावायचा प्रकार स्वस्त पडतो, पण त्यासाठी खाली वाकून जोर द्यावा लागतो, शिवाय हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने तो दोन-तीन वर्षांत जड होतो. यजमानांची पाठ लक्षात घेता तुम्ही ऑटोच घ्या. इथे पैसे वाचवू नका.

चार मोटरींचा मूव्हर तुम्हाला लागत नाही. तो दोन आसांच्या गाड्यांसाठी. त्यांची चारही चाकं वळताना जमिनीवर घासली जातात आणि दोन मोटरींनी त्या नीट वळत नाहीत.

वजनाचा हिशेब मात्र करा. मूव्हर साधारण ३० किलोचा, त्यात बॅटरी २५ किलोपर्यंत. हे ५५ किलो तुमच्या सामानाच्या मर्यादेतून जातात. तुमच्या कॅरॅव्हॅनला समजा १५० किलो सामानाची मुभा असेल, तर उरले ९५. त्यात गॅस, तंबू, खुर्च्या, भांडी, कुकर, सगळं आलं. मूव्हर बसवून झाल्यावर एकदा सामानासकट वजनकाट्यावर जाऊन या. वजन आसाजवळ येत असल्यामुळे हिचवरच्या भारात फारसा फरक पडत नाही, ही त्यातली बरी बाजू.

जुना मूव्हर विकत घेऊन बसवण्याबद्दल विचारलं होतंत. मी घेणार नाही. चासीला भोक पाडून तो बसवायचा नसतो, क्लँपने बसवायचा, आणि क्लँप त्या त्या चासीच्या मापाचे लागतात. पातळ चासीला वेगळे जोड लागतात. दोन्ही मोटरींच्या वायरी सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एक बाजू हळू चालते आणि गाडी सरळ जात नाही. बसवणाऱ्याला हे सगळं माहीत असेल आणि तो लेखी हमी देत असेल तरच काम द्या.

बसवून झाल्यावर एक-दोन सवयी लावून घ्या. रोलर सुटलेला असताना टायर आणि रोलर यांच्यात २० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या जाडीएवढी फट हवी. प्रवासाला निघण्याआधी दोन्ही बाजूंनी वाकून ती फट डोळ्यांनी बघायची. रोलर लागलेला ठेवून गाडी ओढली तर गिअर संपले, टायरही गेला. हिवाळ्यात रोलर लावून ठेवू नका, टायरला खळगा पडतो. टायर बदलले की फट पुन्हा लावून घ्या. हिवाळाभर गाडी उभी राहणार असेल तर ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवणं बरं, पण ते सपाटीवरच. ओलाव्याने ब्रेक ड्रमला चिकटतात आणि वसंतात मूव्हर सुरू केला की चाक फिरतच नाही. तेव्हा मूव्हरने रेटत बसू नका. ड्रमवर रबरी हातोडीने हलके ठोके देऊन आधी ब्रेक सोडवून घ्यायचा.

रिमोट हातात आल्यावर सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ होतो. त्यावर कॅरॅव्हॅनचं छोटं चित्र असतं आणि बाण त्या चित्राच्या हिशेबाने असतात. तुम्ही नाकासमोर तोंड करून उभ्या असाल तर डावं-उजवं उलटं होतं. चित्रातलं नाक आणि खरं नाक एकाच दिशेला येईल असा रिमोट धरा, मग विचार करावा लागत नाही. पहिला सराव ड्राइव्ह-वेवर नको. एखाद्या सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी घेऊन, रविवारी सकाळी जा. खडूने जमिनीवर २.६ मीटरवर दोन रेषा मारा, आणि त्यांच्यामध्ये गाडी तीन वेळा आत-बाहेर करा. तुम्ही रिमोटवर, यजमान मागच्या कोपऱ्याशी, आणि त्यांनी हात वर केला की तुम्ही बटण सोडायचं, कारण न विचारता.

तोवर गाडी रस्त्यावर ठेवण्यापेक्षा जवळच्या स्टोरेजमध्ये महिनाभर ठेवा. फळी आणि पाणसळ घेऊन चढ मोजलात की आकडा कळवा, खडी किती खोल आहे तेही. चढ १५ टक्क्यांच्या वर निघाला तर मूव्हर निवडताना त्याची चढाची क्षमता वेगळी बघावी लागेल, कारण कंपन्या ती ठरावीक वजनाला टक्क्यांत देतात. मग तुमच्या १४०० किलोंना कुठला पुरेल ते नेमकं सांगतो.